सहावा गिअर

विजयसिंहाने नवी गाडी घरी आणली तेव्हा गोठ्यात सकाळच्या धारा काढायची वेळ होती, म्हणून तिच्या स्वागताला कोणीच बाहेर आलं नाही.

गाडी नवी म्हणजे त्याला नवी. लाल रंगाची, परदेशी बनावटीची, जमिनीला जवळजवळ पोट टेकवून चालणारी ती गाडी त्याने पुण्याच्या एका कॉम्प्युटर इंजिनिअरकडून जुनी घेतली होती. त्या गृहस्थाने हौसेने तिचा सायलेन्सर बदलून असा काही बसवला होता, की गाडी चालू केली की शेजारच्या घरातल्या मांडणीवरची भांडी बोलायला लागत. गाडीला सहा गिअर होते आणि विजयसिंहाला हवा होता तो सहावा.

चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने जन्मभर म्हशीच्या चालीने प्रवास केला होता. सकाळी म्हशींबरोबर पंचगंगेवर, संध्याकाळी म्हशींबरोबर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. कोल्हापूरकराला दूध प्यायचं तर ते समोर काढलेलं, ग्लासात फेस आलेलं, कोमट असंच लागतं. त्यामुळे दुधाआधी म्हैस कट्ट्यावर पोचावी लागते, आणि म्हशीला घाई नसते. लग्नाच्या वरातीपासून मयतीपर्यंत विजयसिंह सगळीकडे उशिरा पोचला होता. एकदा, फक्त एकदा, मोकळ्या हायवेवर गाडी सहाव्या गिअरमध्ये टाकावी, एवढीच त्याची इच्छा होती. छोटी इच्छा लवकर पुरी होते असं लोक म्हणतात. त्यांनी कधी छोटी इच्छा केलेली नसते.

गाडी देताना इंजिनिअरने बजावलं होतं, "वर्षभर उभी आहे. टायमिंग बेल्ट, ऑइल, सगळं बदलल्याशिवाय पळवू नका. इंजिन जाईल." विजयसिंह सांगितलेलं ऐकणारा माणूस होता. पुणे ते कोल्हापूर तो ट्रकच्या रांगेतून आला. पेठ नाक्याच्या पुढे उसाच्या एका ट्रॅक्टरने त्याला मागे टाकलं, आणि जाता जाता ड्रायव्हरने हात हलवून काय बिघडलंय म्हणून काळजीने विचारलंही.

विजयसिंहाचे वडील आकाराम, म्हणजे आबा, धारेची बादली घेऊन बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी मागच्या बाजूला वाकून बघितलं. जनावर घेताना ते असंच बघत.

"खाती किती?" त्यांनी विचारलं.

"आबा, गाडी हाय ती."

"मला दिसतंय की. खाती किती, आन देती किती?"

विजयसिंहाने ॲव्हरेज सांगितलं. आबांनी ते मनातल्या मनात सरकीच्या पेंडीत मोजलं असावं.

"मंजे भाकड हाय," असं म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी तो शिरोलीच्या बाजूच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथला रुद्रेश हा निपाणीचा पोरगेलासा इंजिनिअर मन लावून ऐकणारा होता. त्याने बॉनेट उघडून मान हलवली. बेल्ट इथे मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल, वेळ लागेल, असं त्याने सांगितलं.

"तोवर काय करू?"

"घरीच उभी करा साहेब. फक्त रोज थोडा वेळ जाग्यावर चालू ठेवा, बॅटरी उतरायला नको. आणि पळवायचं मनात आणू नका."

गल्ली अरुंद, दारात जागा नाही. गाडी उभी राहिली ती गोठ्याला लागून, मैनेच्या दावणीच्या पलीकडे. मध्ये फक्त एक कुडाची भिंत होती.

मैना ही घरातली नावाजलेली म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. पुढे सायलेन्सर काढलेली मोटरसायकल, आणि तिच्या आवाजावर मागे शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेली म्हैस. मैना लहानपणापासून त्या आवाजावर वाढली होती. आवाज झाला की ती तोंडातला घास टाकून निघे. ज्या मोटरसायकलवर ती शिकली ती मात्र म्हातारी होऊन भंगारात गेली होती, आणि नुकतंच, गाडी यायच्या थोडंच आधी, मैनेचं रेडकू मेलं होतं.

रेडकू गेल्यापासून मैना पान्हा सोडत नव्हती. आबांनी गूळ चारला, सरकी वाढवली, अंगावरून हात फिरवत तासन्‌तास बसून राहिले. कोणीतरी इंजेक्शन सुचवलं. आबांनी त्या माणसाला घरातून चहा न पाजता पाठवलं, आणि आमच्याकडे चहा न पाजता पाठवणं ही शिवी समजतात. मैना कासेत दूध असून लाथ झाडत होती, रात्रंदिवस दाराकडे बघत होती. घरात सगळेच हळू आवाजात बोलत होते. अशा घरात विजयसिंहाला सहाव्या गिअरचं नाव काढायची लाज वाटत होती, तरी तो गिअर त्याच्या मनातून जात नव्हता.

सकाळी त्याने रुद्रेशच्या सांगण्याप्रमाणे गाडी चालू केली. गुरगुर सुरू झाली, मांडणीवरची भांडी बोलू लागली, आणि कुडाच्या पलीकडून आबांची हाक आली.

"इजू, बंद करू नगंस."

"का?"

"पान्हवली."

विजयसिंहाने डोकावून पाहिलं. मैना कान टवकारून शांत उभी होती आणि आबांच्या बादलीत धारा वाजत होत्या. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी मैनेच्याच अंगाला पुसलं.

"आबा, पेट्रोल जळायलंय."

"जळू दे. दूध उतरतंय न्हवं?"

इथवर सगळं चांगलंच झालं होतं. पण म्हशीची धार दोन वेळा असते, आणि संध्याकाळची कट्ट्यावर असते. ऊन उतरल्यावर आबा काठी घेऊन गाडीजवळ येऊन उभे राहिले.

"काढ गाडी."

"कुठं?"

"कट्ट्यावर. आन कुठं?"

अशी ती मिरवणूक सुरू झाली. पुढे लाल गाडी, मागे मैना, तिच्या मागे आबा. गाडी पहिल्या गिअरमध्येसुद्धा मैनेपेक्षा पुढे जाई. मग विजयसिंह क्लच अर्धा दाबून तिला आवरी, मैना गाठी, पुन्हा गाडी पुढे जाई. मागून सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जात. कट्ट्यावर गाडी ज्ञानूच्या म्हशीशेजारी उभी करून चालू ठेवायची आणि आबांनी धारा काढायच्या. ज्ञानू हा त्यांच्याच गल्लीतला, त्यांच्यासारखाच एका म्हशीवर नाव राखून असलेला दूधवाला.

"विजूदादा, म्हशीला गाडी घेतली व्हय?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"न्हाय, मला घेतलीया."

"मग तुमी का उतरला न्हाईसा? बसा की आत."

गिऱ्हाइकांना हा प्रकार फार आवडला. एकजण रोज येऊन गाडीच्या टपावर ग्लास ठेवून "गाडीचं दूध द्या" म्हणे. विजयसिंह काच वर करून आत बसून राही. डॅशबोर्डवर वेगाचा काटा शून्याला टेकून असे. काट्यापुढे बरेच मोठे आकडे छापलेले होते, आणि ते बघायला त्याला भरपूर वेळ मिळे.

अखेर बेल्ट आला. रुद्रेशने ऑइल बदललं, फिल्टर बदलले, ब्रेक बघितले आणि चावी हातात देताना तो स्वतःच खूश झाला होता.

"साहेब, इंजिन नव्यासारखं झालंय. आता मोकळ्या रोडला घ्या आणि दाबा."

विजयसिंहाने रविवार ठरवला. सकाळची धार झाली की कागलच्या बाजूला जायचं. बायकोला, पूर्णिमेला, त्याने तसं सांगितलंही. "जावा की, कोण नको म्हणालंय," ती म्हणाली. घरात इतकं गोड उत्तर मिळालं की काहीतरी बिघडतंच. शनिवारी संध्याकाळी कट्ट्याच्या वाटेवर गाडीतून करपल्याचा वास आला, इंजिन घरघरत राहिलं, आणि चाकं फिरायची थांबली.

मैनाही थांबली. आबा गाडीजवळ आले.

"आवाज तर येतोय की."

"क्लच गेला आबा. गाडी चालणार न्हाय."

"चालू नको म्हणावं. नुस्ता आवाज देऊ दे."

आणि मग ज्ञानूने चार गिऱ्हाइकं बोलावली. चालू इंजिनाची, जगातल्या उत्तम रस्त्यांवर धावण्यासाठी बनवलेली ती गाडी सगळ्यांनी मिळून ढकलत कट्ट्यावर नेली. विजयसिंह स्टिअरिंग धरून बसला होता. मागे मैना नेहमीसारखी चालत होती.

"क्लच प्लेट पार जळालीय," रुद्रेश म्हणाला. "घाटात चालवता काय?"

"न्हाय."

"रेस लावता?"

विजयसिंह खाली फरशीकडे बघू लागला.

"सांगा साहेब, लाजू नका. अशा गाड्यांना लावतात लोक रेस. कुणाबरोबर लावता?"

"म्हशीबरोबर. पण रेस न्हाय ती. मी पुढं असतो, ती मागनं येती."

रुद्रेशने हातातला पाना खाली ठेवला. गाडी कशी वापरली हे मालकाला विचारायचं, असा वर्कशॉपचा नियम होता. उत्तर ऐकल्यावर काय करायचं, ते नियमात नव्हतं.

नवी प्लेट यायला वेळ होता. गाडी वर्कशॉपच्या आवारात उभी, आणि मैना घरी लाथा झाडतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरचा वॉचमन धावत आत आला आणि रुद्रेशला म्हणाला की बाहेर एक आजोबा म्हैस घेऊन सर्व्हिसिंगला आलेत. आबा पंचगंगेचा पूल ओलांडून चालत आले होते. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. चमकणाऱ्या फरशीवरून मैनेला सरळ लाल गाडीपाशी नेली, बादली टेकवली आणि म्हणाले, "करा चालू."

रुद्रेशने गाडी चालू केली. साहेब लोक एसीतून उठून बाहेर आले. आबांनी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. कॉफीच्या कागदी कपातून सगळ्यांना धारोष्ण दूध मिळालं, आणि नवी प्लेट येईपर्यंत गाडी आणलेले लोक आपापलं काम संपल्यावरही रेंगाळू लागले. मॅनेजरने मात्र फरशीकडे बघून तोंड वाकडं केलं. त्याचंही चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण मैनेने फरशीवर काय करायचं ते केलं होतं.

क्लच बदलला, गाडी घरी आली, मिरवणूक पुन्हा सुरू झाली. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. रुद्रेशने गाडी तपासली आणि या वेळी तो उदास झाला.

"साहेब, ही पळायसाठी बनवलेली गाडी हाय. तुम्ही उभ्या उभ्या जाळताय तिला. आत सगळी काजळी बसलीय. गुदमरायला लागलीय ती."

"मलाबी तसंच वाटतंय," विजयसिंह म्हणाला.

रुद्रेशने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणखी एक हाय. मॅनेजर म्हणालेत, हा सायलेन्सर नियमात बसत न्हाय. कंपनीचा मूळ बसवला तरच पुढं गाडी आत घ्यायची. आवाज अजिबात येणार न्हाय त्याचा. बसवू काय?"

विजयसिंह मनात हिशेब करू लागला. आवाज नाही म्हणजे मैना ओळखणार नाही. मैना ओळखणार नाही म्हणजे कट्टा नाही, मिरवणूक नाही. आणि दोष कुणाचा, तर नियमाचा. घरी जाऊन हात वर करता येतील. आपण रेडकू गेलेल्या जनावराला फसवतोय हे त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. तरी त्याने मान डोलावली.

"बसव," तो म्हणाला. "नियम म्हंजे नियम."

काजळी साफ झाली, मूळ सायलेन्सर बसला. दुपार कलल्यावर विजयसिंह गाडी घेऊन निघाला तो घराकडे वळलाच नाही. हायवेवर कागलच्या दिशेला लागला. गाडी इतकी गुपचूप चालत होती, की आपण चोरी करून पळतोय असं त्याला वाटत होतं. गोकुळ शिरगावची गर्दी मागे पडली, रस्ता मोकळा झाला. त्याने तिसरा टाकला, चौथा टाकला. पाठ सीटला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला पुढे ढकलत होतं. पाचवा टाकला तेव्हा बाजूची उसाची शेतं एकमेकांत मिसळली, आणि विजयसिंह एकटाच मोठ्याने हसला.

फोन वाजला. पूर्णिमा होती, कट्ट्यावरून.

"आवो, कुठं हायसा?"

"रस्त्यात."

"मैना पाय झाडायलीय. कट्ट्यावर गिऱ्हाइकं ग्लास घिऊन उभी हायती. आबा कायबी बोलंनात, नुस्तं रस्त्याकडं बघत बसल्यात."

विजयसिंहाचा हात गिअरवर होता. सहावा तिथेच होता, थोडा हात खाली ओढायचा. पुढे रस्ता चांगला मोकळा होता. पूर्णिमेने आणखी काही म्हटलं असतं, ती भांडली असती, तर त्याने ओढला असता. पण ती गप्प राहिली, आणि त्या गप्पपणात त्याला आबा दिसले, दगडावर बसलेले, हातात रिकामी बादली.

त्याने पाचव्यातून चौथा टाकला, आणि पुढच्या पुलाखालून गाडी वळवली.

"जुना सायलेन्सर परत बसव," त्याने वर्कशॉपच्या मागच्या दाराशी रुद्रेशला गाठून सांगितलं.

"आज सकाळीच काढलाय की साहेब."

"ठावं हाय."

"मॅनेजर मला काढतील."

"तू म्हैस बघितलीयास आमची," विजयसिंह म्हणाला.

रुद्रेश निपाणीचा, त्याच्याही घरी म्हशी होत्या. त्याने मॅनेजर चहाला जायची वाट पाहिली आणि गाडीखाली शिरला. बाहेर आल्यावर हात पुसत म्हणाला, "अण्णा, आता परत येऊ नका." साहेबाचा अण्णा झाला होता, म्हणजे ते त्याने प्रेमानेच म्हटलं होतं.

विजयसिंह कट्ट्यावर पोचला तेव्हा ऊन पार उतरलं होतं. तो घाईने, दणदणाट करत आला आणि गाडी नेहमीच्या जागी घातली. मैनेने मान वळवली नाही. आबा खाली बसून धारा काढत होते. ग्लासावर ग्लास भरत होते.

कोपऱ्यावर उसाच्या रसाचा नवा गाडा लागला होता. त्याचं इंजिन ढक ढक ढक वाजत होतं, आणि मैना डोळे मिटून ते ऐकत होती.

"आलास व्हय?" आबा खुशीत म्हणाले. "तुझी काय गरज पडली न्हाय. त्येनं इंजान चालू केलं आन हिनं पान्हा सोडला. घरचं मी बघतो, वैरण कापायचं इंजान हाय की आपल्याकडं."

"फोन करायचा न्हाय व्हय?" विजयसिंहाने पूर्णिमेला विचारलं.

"केला की. तुमीच उचलला न्हाई."

फोन वाजला तेव्हा रुद्रेश गाडीखाली हातोडा मारत होता. विजयसिंह गाडीला टेकून उभा राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो मोकळा झाला होता, मैना सुखात होती, आबा हसत होते. पण त्याला वाईट वाटत होतं, आणि ते नुसतं पाचव्या गिअरवरून मागे फिरल्याचं नव्हतं. एवढे दिवस जिच्यापुढे चाललो, तिने आपल्याला एका रसाच्या गाड्यासाठी सोडलं, हे त्याला लागलं होतं. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून त्याने एक ग्लास उसाचा रस घेतला. तो त्याला गोड लागला नाही.

"आता जा, पळव जा तुझी भाकड," जाताना आबा म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने गाडी धुतली. टाकी भरून आणली होती, टायरमध्ये हवा बघितली होती. पूर्णिमेने बॉनेटला कुंकू लावलं आणि "हळू जावा" असं म्हणता म्हणता थांबली. घरातल्या वैरणीच्या इंजिनावर मैनेची धार कधीच झाली होती. आज कुणालाही त्याची गरज नव्हती.

त्याने गाडी चालू केली, गल्लीतली भांडी बोलली. पहिला गिअर टाकून तो सावकाश गल्लीच्या तोंडापर्यंत आला. तिथून डावीकडे हायवेचा रस्ता, उजवीकडे कट्टा. दुसरा गिअर टाकण्यासाठी त्याने हात नेला आणि सवयीने आरशात पाहिलं.

आरशात म्हैस होती.

मैना नव्हती. मैनेपेक्षा बुटकी, एका शिंगाने वाकडी. दावं तोडून आली होती, तुटका दोर मागे लोळत होता. तिच्या मागून, एका पायात चप्पल घालून, ज्ञानू धावत येत होता.

"विजूदादा, गाडी बंद करू नगा," तो धापा टाकत खिडकीशी आला. "बंद केलीसा तर बुजंल ती. तुमची गाडी यायची बंद झाल्यापास्नं आटलीया. समदं करून बघितलं. त्या रसाच्या इंजनाकडं ती ढुंकून बघंना. तिला तुमचाच आवाज लागतोय, त्योबी कट्ट्यावर."

विजयसिंहाने पुन्हा आरशात पाहिलं. महिनोन्‌महिने ही म्हैस कट्ट्यावर गाडीच्या शेजारी उभी होती आणि त्याने तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. आता ती नाक पुढे करून सायलेन्सरच्या दोन नळ्यांपाशी उभी होती, आणि ज्ञानूचा चेहरा रेडकू मेल्यावर आबांचा झाला होता तसा झाला होता.

विजयसिंहाने एकदा डावीकडे पाहिलं. सकाळची वेळ होती, रस्ता मोकळा होता. मग त्याने उजवीकडचा दिवा लावला आणि गाडी वळवली. म्हैसही वळली.

थोडं पुढे गेल्यावर ज्ञानूने पुन्हा खिडकीत तोंड घातलं.

"दादा, आनी जरा हळू घ्या की. गाभण हाय ती."

पहिल्याच्या खाली गिअर नसतो, हे विजयसिंहाने त्याला सांगितलं नाही.